जा की थांब? एका इंडिकेटरच्या दोन अर्थांचं प्रकरण

दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना एकेक लेन, मध्ये दुभाजक नाही, फक्त तुटक पांढरी रेषा, असा रस्ता. माझ्या पुढे भरलेला ट्रक होता आणि मी सहाएक किलोमीटर त्याच्या मागून येत होतो. ट्रकने मध्यरेषेकडचा इंडिकेटर लावला, वेग थोडा कमी केला आणि तो रस्त्याच्या कडेला सरकला. मला वाटलं, साइड दिली. मी बाहेर काढून ओव्हरटेकला निघालो आणि त्याच क्षणी ट्रक माझ्यासमोर आडवा वळायला लागला. त्याला समोरच्या बाजूच्या एका आडरस्त्यात शिरायचं होतं.

कुणाला खरचटलंही नाही. माझी गाडी विरुद्ध लेनमध्ये, ट्रकच्या अर्ध्या लांबीपर्यंत पोचून थांबली. बॉनेट आणि ट्रकचं पुढचं चाक यांच्यात अडीच-तीन मीटर राहिले असतील. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून हे प्रकरण लिहायला मी शिल्लक आहे.

हे सविस्तर लिहितोय, कारण या घटनेत निष्काळजी कुणीच नव्हतं. ट्रकचालकाने इंडिकेटर लावला होता, आरशात पाहिलं होतं. मी हॉर्न दिला होता, इंडिकेटर दिला होता, समोरचा रस्ता मोकळा असल्याची खात्री केली होती. दोघंही एकमेकांशी बोललो होतो. घोटाळा बोलण्यातच होता. माझ्या काचेवरच्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं, आणि नंतर ट्रकचालकाशी तासभर बोलणं झालं. त्या दोन्हींवरून पुढचं मांडतोय.

(डावं-उजवं मी मुद्दाम लिहीत नाही. काही देशांत गाड्या डावीकडून चालतात, काहींत उजवीकडून. ‘मध्यरेषेकडचा’ आणि ‘कडेकडचा’ एवढं म्हटलं की कुठल्याही रस्त्यावरच्या माणसाला चित्र दिसतं.)

आधीची पाच मिनिटं

या आधीची पाच मिनिटं समजून घेतल्याशिवाय माझी चूक कळणार नाही.

तेव्हा ट्रक आणि माझ्यामध्ये एक पांढरी मोटार होती. रस्ता सरळ आणि मोकळा आल्यावर ट्रकचालकाने मध्यरेषेकडचा इंडिकेटर तीनदा लुकलुकवला आणि ट्रक कडेला घेतला. पांढरी मोटार लगेच बाहेर पडली, ओव्हरटेक करून पुढे गेली. ट्रक पुन्हा आपल्या जागी आला. इतकं सफाईदार काम की पाहून बरं वाटलं. लांबच्या रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांना असं सांभाळून घेतात, तेव्हा प्रवासाचा शीण कमी होतो, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

पण त्या पाच मिनिटांत मी त्या ट्रकची भाषा शिकलो होतो. मध्यरेषेकडचा इंडिकेटर म्हणजे ‘जा’. कुणी मला ते सांगितलं नव्हतं, करार झाला नव्हता, मी एकदा पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं. पुढे जे झालं त्याची मुळं तिथे आहेत.

आठ सेकंद

कॅमेऱ्याची नोंद सावकाश चालवून पाहिली. पहिल्यांदा इंडिकेटर पेटला तो क्षण शून्य धरतो.

शून्याच्या आधीच ट्रकचा वेग उतरायला लागला होता. त्या क्षणी दोघंही साधारण ताशी 54 किलोमीटरवर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर. अंतर पंचवीसेक मीटर. ट्रकचे ब्रेक लाइट लागलेले नाहीत. हे महत्त्वाचं आहे, पुढे त्यावर येतो.

इंडिकेटर दर पाऊण सेकंदाला लुकलुकत होता, म्हणजे मिनिटाला 80 वेळा. गाड्यांच्या इंडिकेटरचा वेग आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मिनिटाला 60 ते 120 या पट्ट्यात ठेवतात, तेव्हा यात वावगं काही नाही. तिसरी लुकलुक दीड सेकंदाला झाली. तेवढ्यात ट्रक कडेकडे सरकला. चौथी लुकलुक सव्वादोन सेकंदांना. माझी गाडी मध्यरेषेकडे वळायला लागली अडीच सेकंदांना.

हे दोन आकडे मी कितीदा तरी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सव्वादोन आणि अडीच. चौथी लुकलुक झाली तेव्हा ट्रक ‘जा’ म्हणत नाहीये हे कळायला हवं होतं, कारण पांढऱ्या मोटारीला त्याने तीनच दिल्या होत्या. पण डोळ्याने पाहिलेलं हाताने करायला सेकंदभर लागतो. चौथी पेटली तेव्हा माझा निर्णय होऊन गेला होता, हात फक्त हुकूम बजावत होते.

चौथ्या सेकंदाला मी हॉर्न दिला. तोवर निम्मी गाडी मध्यरेषेच्या पलीकडे होती आणि ॲक्सिलरेटरवर पाय होता. साडेचारच्या आसपास मला ट्रकचं पुढचं चाक तिरकं दिसलं. इंडिकेटर नव्हे, ब्रेक लाइट नव्हे, चाकच. ब्रेक लागला पाच सेकंद उलटून गेल्यावर, तेव्हा माझा वेग ताशी 69 किलोमीटर होता. सहाव्या सेकंदाला ट्रकचालकाने मला पाहिलं आणि त्यानेही ब्रेक मारला. आठव्या सेकंदापर्यंत सगळं थांबलं होतं.

आम्ही दोघांनी एकाच गोष्टी पाहिल्या होत्या

ट्रक आडरस्त्यात सुरक्षित उभा केल्यावर चालक खाली उतरले. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. दोघांचेही हात थरथरत होते. पहिलं वाक्य त्यांचं होतं.

“अहो, केव्हाचा सिग्नल देतोय मी!”

“दादा, तो सिग्नल पाहूनच तर मी निघालो.”

ते गप्प झाले. मग म्हणाले, “अरे देवा. साइड समजलात होय?”

भांडण तिथेच संपलं आणि हिशोब सुरू झाला. मी एकेक गोष्ट विचारत गेलो आणि प्रत्येक गोष्टीला दोन अर्थ निघत गेले.

इंडिकेटर का लावला? वळायचं होतं म्हणून. मी वाचलं: साइड दिली.

वेग का उतरला? वळणासाठी. मी वाचलं: मला लवकर पुढे जाता यावं म्हणून.

ट्रक कडेला का घेतला? यावर ते माझ्याकडे पाहतच राहिले. “एवढा लांब गाडा, आधी पलीकडे घेतल्याशिवाय वळेल का तो?” बरोबर आहे. लांब गाडीला अरुंद तोंडाच्या रस्त्यात शिरायचं तर आधी उलट्या दिशेला घेऊन जागा करून घ्यावी लागते, नाहीतर मागची चाकं कोपऱ्यावर चढतात. मी वाचलं होतं: माझ्यासाठी जागा केली.

या प्रकरणातलं हे मला सगळ्यांत धडकी भरवणारं वाटतं. एखादी खूण चुकीची वाचली गेली असती तर दुसरीने सावध केलं असतं, असं आपण गृहीत धरतो. इथे तीन खुणा एकमेकींना दुजोरा देत होत्या. साइड देणारा ट्रक हेच तीन करतो: मध्यरेषेकडचा इंडिकेटर, थोडा कमी वेग, कडेला सरकणं. वळणारा ट्रकही हेच तीन करतो. एकीवर शंका घ्यावी तर दुसरी म्हणते, नाही, बरोबर आहे, जा.

आणि ज्या खुणांनी फरक सांगितला असता त्या नेमक्या मुक्या होत्या. ट्रकचालकाने वेग कमी करताना ब्रेकच्या पेडलला पाय लावलाच नव्हता. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग उतरवणारा ब्रेक) आणि गिअर यांवर त्यांनी गाडी उतरवली. भरलेल्या गाडीला ही चांगली सवय आहे, चाकांचे ब्रेक तापत नाहीत. पण अनेक ट्रकांत पेडल दाबल्याशिवाय ब्रेक लाइट लागत नाही. म्हणजे गाडी ताशी 62 वरून 54 वर आणि पुढे तीसच्या घरात येत होती आणि तिची पाठ त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. साइड देणारा ट्रक पाच-दहा किलोमीटर वेग कमी करतो आणि तिथे स्थिरावतो. वळणारा उतरतच जातो. हा फरक मला लाल दिव्याने सांगितला असता. दिव्याविना तो नुसत्या डोळ्यांना दोन-तीन सेकंदांनी कळतो.

शिवाय ऊन. सूर्य माझ्या पाठीमागे, खाली आलेला. ऊन थेट ट्रकच्या मागच्या दिव्यांवर पडत होतं, आणि तसं ऊन पडलं की विझलेला दिवा पेटल्यासारखा आणि पेटलेला विझल्यासारखा भासतो. तेच ऊन त्यांच्या आरशात माझ्या गाडीच्या मागे उभं होतं. मी बाहेर पडताना डिपरही दिला होता, म्हणजे हेडलाइट लुकलुकवले होते. त्यांनी सांगितलं, आरशात पाहिलं तेव्हा पांढऱ्या झळाळीत एक काळा ठिपका तेवढा होता. माझा डिपर त्या उन्हात विरघळला.

हॉर्न त्यांना ऐकू आला होता. पण कॅबिनमध्ये काच बंद, इंजिनचा आवाज. “वाटलं, मागचा वैतागलाय. वळताना मागचे वाजवतातच.” हॉर्नला ‘मी तुमच्या बाजूला आलोय’ आणि ‘किती वेळ लावता’ यांत फरक करता येत नाही.

‘जा’ या शब्दाची किंमत

आता समजा, तो खरंच साइड देत असता. तरी मी जायला हवं होतं का? इथे थोडा हिशोब करतो, कारण हा आकडा डोक्यात बसल्यापासून माझं ओव्हरटेक करणंच बदललं.

ट्रक स्थिर 54 वर. मी 25 मीटर मागे. ट्रकची लांबी 9 मीटर, माझी 4, आणि पुढे जाऊन आपल्या लेनमध्ये परतताना ट्रकपुढे 25 मीटर तरी सोडायला हवेत. म्हणजे ट्रकच्या तुलनेत मला 63 मीटर जास्त जायचंय. मी 80 पर्यंत वेग वाढवतो. बेताने वाढवला तर तिथे पोचायला पाचेक सेकंद, उरलेलं अंतर कापायला सव्वासहा सेकंद. एकूण अकरा-साडेअकरा. तेवढ्यात मी रस्त्यावर सव्वादोनशे मीटरच्या वर गेलेलो असतो. समोरून 80 च्या वेगाने येणारी गाडी तेवढ्याच वेळात अडीचशेच्या आसपास मीटर कापते. दोन्ही मिळून जवळजवळ अर्धा किलोमीटर.

म्हणजे ट्रकचालकाने ‘जा’ म्हणायचं तर पुढचा अर्धा किलोमीटर रस्ता त्याला स्वच्छ दिसायला हवा, त्या पट्ट्यात कुठल्या आडवाटेने कुणी शिरणार नाही हे माहीत हवं, आणि मागच्याच्या गाडीत किती ताकद आहे याचाही अंदाज हवा. त्याला यांतलं पहिलं थोडंफार दिसतं. बाकीचं तो माझ्या वतीने गृहीत धरतो. आणि तो इंडिकेटर लुकलुकवतो त्या दोन सेकंदांतलं सत्य मी पुढची अकरा सेकंद वापरत असतो.

मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचीही बाजू होती आणि ती मला खोडता आली नाही.

“मग मागच्याला सांगायचं कसं? अर्धा-अर्धा तास लोक माझ्या मागे लटकलेले असतात. मला वरून दिसतं, त्याला दिसत नाही. नाही सांगितलं तर तो आंधळा बाहेर काढतो. त्यापेक्षा सांगितलेलं बरं.”

हे खरं आहे. उंचावर बसलेल्या माणसाला दिसतं आणि खाली बसलेल्याला दिसत नाही, ही ट्रकच्या मागे चालण्याची मूळ अडचण आहे. साइड देण्याची खूण आळसातून किंवा बेफिकिरीतून आलेली नाही, ती माणुसकीतून आली आहे. म्हणूनच ती जाता जात नाही. पूर्वी काही देशांच्या नियमांत चालकाने हात बाहेर काढून पुढे-मागे हलवत ‘मला ओलांडा’ असं सांगण्याची वेगळी खूणही होती. हाताकडे शब्द भरपूर होते: वळतोय, थांबतोय, हळू होतोय, जा. काचा बंद झाल्या, हात आत गेला, आणि त्या सगळ्या शब्दांचं ओझं दोन पिवळ्या दिव्यांवर आलं. ‘वळतोय’ आणि ‘जा’ एकाच दिव्यात कोंबले गेले. या दोन शब्दांवर मागच्याने करायच्या गोष्टी तर एकमेकींच्या नेमक्या उलट.

त्यात देशोदेशी गोंधळ निराळा. मेक्सिकोत मध्यरेषेकडचा इंडिकेटर म्हणजे ‘जा’. स्पेनमधले जुने ट्रकचालक ‘जा’साठी कडेकडचा लावतात आणि मध्यरेषेकडचा म्हणजे ‘येऊ नकोस’. एका देशात शिकलेला डोळा दुसऱ्या देशात जीव घेऊ शकतो.

नियमांत ‘जा’ नाहीच

घरी येऊन नियम वाचायला बसलो. 1968 च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारात, ज्यावर अनेक देशांचे नियम उभे आहेत, इंडिकेटरला एकच अर्थ आहे. कलम 14 सांगतं की वळण्याआधी किंवा बाजूला सरकण्याआधी चालकाने आपला हेतू स्पष्टपणे आणि पुरेसा आधी दाखवावा, ते होईपर्यंत दाखवत राहावा आणि झाल्याबरोबर बंद करावा. आपला हेतू. दुसऱ्याला परवानगी देणं त्यात बसत नाही.

त्याच करारातलं कलम 11 माझ्या ट्रकवाल्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर देतं. मागच्याला ओलांडायचंय असं दिसलं तर पुढच्याने कडेला राहावं आणि वेग वाढवू नये. रस्ता अरुंद असेल आणि आपली गाडी संथ किंवा अवजड असेल तर वेग कमी करावा, गरज पडल्यास जागा मिळताच बाजूला थांबून मागच्यांना जाऊ द्यावं. सांगू नका, जागा करून द्या, असा त्याचा सूर आहे. भरलेला ट्रक थांबवून पुन्हा हलवायला किती डिझेल आणि किती गिअर लागतात हे मला माहीत आहे, म्हणून हे बोलायला सोपं आणि करायला जड आहे हेही कबूल. तरी माझ्या मते उत्तर हेच आहे. थांबलेल्या ट्रकचे दोन अर्थ निघत नाहीत.

डिपरचीही तीच कथा. ब्रिटनच्या हायवे कोडमधला 110 वा नियम म्हणतो की हेडलाइट लुकलुकवायचे ते फक्त ‘मी इथे आहे’ हे कळवायला, दुसरा कुठलाही निरोप द्यायला नाही. आणि 111 वा म्हणतो की समोरच्याने डिपर दिला म्हणजे आपल्याला जायला सांगितलं असं कधीही धरू नये. जर्मनीच्या नियमांत वस्तीबाहेर ओव्हरटेक करण्याआधी छोटा हॉर्न किंवा डिपर द्यायला मुभा आहे. तिथेही अर्थ ‘मी येतोय’ असाच. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र अरुंद पुलाच्या दोन टोकांना उभे असलेले दोघं एकमेकांना डिपर देतात, एक ‘या’ म्हणून आणि दुसरा ‘मी येतोय’ म्हणून, आणि पुलाच्या मध्यावर समोरासमोर येतात. माझ्या प्रकरणाचंच ते सख्खं भावंड.

हे वाचल्यावर मी रस्त्यावरच्या सगळ्या खुणा दोन ढिगांत टाकायला लागलो. एका ढिगात माणूस स्वतःबद्दल सांगतो: मी वळतोय, मी ब्रेक मारतोय, मी इथे आहे, माझी गाडी बंद पडली आहे. दुसऱ्यात तो दुसऱ्याला सांगतो: जा, ये, थांब, सरक. पहिल्या ढिगातली खूण खोटी ठरली तर ती पाहणाऱ्याला लगेच पडताळता येते, कारण सांगणारा समोरच आहे. दुसऱ्या ढिगातल्या खुणेचा खरेपणा ट्रकच्या पलीकडे असतो, जिथे ऐकणाऱ्याची नजर पोचत नाही. शिवाय रस्त्यावर ‘काय म्हणालात, पुन्हा सांगा’ असं म्हणता येत नाही.

आभारांचं काय, असं कुणी विचारेल. चारही इंडिकेटर एक-दोनदा लुकलुकवून थँक यू म्हणण्याची रीत जपानपासून युरोपपर्यंत दिसते. मला ती आवडते, पण मी हात वर करतो. चार दिवे म्हणजे ‘इथे धोका आहे, गाडी अडकली आहे’. तो अर्थ पातळ होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

यंत्रांनी काय निवडलं

मग प्रश्न आला की हे सगळं यंत्रावर सोपवलं तर? इथे मला एक गोष्ट सापडली जिने माझी खात्री पटली.

2015 मध्ये सॅमसंगने अर्जेंटिनात एक ट्रक तयार करून दाखवला. पुढे कॅमेरा, मागच्या दारांवर मोठे पडदे. ट्रकच्या पुढचा रस्ता मागच्याला पडद्यावर दिसायचा. कल्पना सुंदर आहे, कारण ती ‘जा’ म्हणत नाही, जे वरून दिसतं ते खाली दाखवते. दादांच्या तक्रारीचा निम्मा भाग ती सोडवते. पण माझ्या प्रकरणात तो पडदा असता तर मला मोकळा रस्ता दिसला असता आणि मी आणखीच निर्धास्त निघालो असतो. ट्रक काय करणार हे पडद्यावर नव्हतंच.

दुसरी वाट रेडिओची. गाड्या एकमेकींना आपोआप निरोप पाठवतात. अमेरिकेने 1999 मध्येच त्यासाठी 5.9 गिगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला होता. सगळ्या नव्या हलक्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची करण्याचा प्रस्ताव तिथे डिसेंबर 2016 मध्ये आला, तो नियम होऊ शकला नाही. युरोपात फोक्सवॅगनने आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये ती दिली. यातल्या मूळ सुरक्षा निरोपात काय असतं ते पाहण्यासारखं आहे: माझी जागा, माझा वेग, माझी दिशा, माझं स्टिअरिंग किती वळलंय, माझा ब्रेक लागलाय का. हा निरोप सेकंदाला दहादा जातो. त्यात ‘तू जा’साठी रकानाच नाही. गाड्यांना बोलायला शिकवायला बसलेल्या अभियंत्यांनी पायाभूत शब्दकोश पहिल्या ढिगातून घेतला.

माझ्या आठ सेकंदांत हा निरोप मिळाला असता तर? ट्रकचा वेग स्थिरावत नाहीये, उतरतोय, हे ब्रेक लाइटशिवाय कळलं असतं. स्टिअरिंग वळलं ते पुढचं चाक डोळ्यांनी दिसायच्या आधी कळलं असतं. ऊन आड आलं नसतं. पण दोन्ही गाड्यांत ते यंत्र हवं, आणि रस्त्यावर अजून कितीतरी वर्षं ते नसलेल्या गाड्याच जास्त असणार. तोवर काच, दिवे आणि डोळे.

साध्या दिव्यानेही पुष्कळ होतं म्हणा. 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर मागे मध्यभागी एक जादा ब्रेक लाइट लावून पाहिला तेव्हा मागून धडकण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, आणि 1986 पासून अमेरिकेत नव्या मोटारींना तो तिसरा दिवा सक्तीचा झाला. सगळ्यांच्या गाड्यांना तो लागल्यावर फायदा बराच कमी भरला, तरी टिकला. नवा शब्द एकही नाही; ‘मी ब्रेक मारतोय’ हेच फक्त डोळ्यांच्या उंचीवर आणून सांगितलं.

तिथेच, आडरस्त्यात

निघण्याआधी दादांनी स्वतःच ठरवलं ते असं: एक्झॉस्ट ब्रेकवर उतरतानाही पेडलला हलका पाय लावायचा, लाल दिवा पेटेपुरता. वळायचं असेल तर इंडिकेटर तीन सेकंद आधी नाही, दीडशे मीटर आधी. कडेला घेतल्यावर, वळायच्या क्षणी आरशात पुन्हा एकदा. साइडच्या खुणेवर मात्र ते अडले होते. “तीन म्हणजे जा, चालू राहिला म्हणजे वळण. सगळ्यांना कळतं हो ते.”

“मग करून पाहू,” मी म्हटलं.

ट्रक आडरस्त्यात उभा होता, मागे रहदारी नव्हती, ऊन अजून तसंच दिव्यांवर. मी पावलं मोजत पंचवीसेक मीटर मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी मनात ठरवायचं, साइड की वळण, आणि इंडिकेटर लावायचा. मी तिसऱ्या लुकलुकीला हात वर करून सांगायचं. साइड असेल तर एक हात, वळण असेल तर दोन.

सहा वेळा केलं. तीनदा माझं बरोबर आलं, तीनदा चुकलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. तिसऱ्या लुकलुकीपर्यंत दोन्ही खुणा तंतोतंत एकच असतात, फरक फक्त चौथी येते की नाही एवढाच.

मग आम्ही जागा बदलल्या. मी कॅबिनमध्ये चढलो, दादा मागे जाऊन उभे राहिले, कपाळावर हात धरून दिव्याकडे पाहत. मी वळणाचा इंडिकेटर लावला. आरशात पाहिलं. एक, दोन, तीन. त्यांनी एक हात वर केला. दिवा चौथ्यांदा पेटला. आरशातल्या झळाळीत तो हात काही क्षण तसाच वर राहिला, आणि मग हळूच खाली आला.